सगळ्यात भारी कोण खेळायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पूल, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल भोकात पाडायचा खेळ, खेळायला येणारी कॉलेजची मुलं मला हमखास हेच विचारतात, "काका, तुमच्या त्या जुन्या ग्रुपमध्ये सगळ्यात भारी कोण खेळायचं?" ग्रुप म्हणजे पुण्यात टिळक रोडजवळच्या एका तळघरात संध्याकाळी जमणारे आम्ही सातआठ जण. निम्म्याहून जास्त आता नाहीत.

उत्तर सोपं आहे. रेल्वेवाले, म्हणजे आमच्यातले रेल्वेत असलेले एक जण. त्यांनी ब्रेक केला, म्हणजे पहिला फटका मारला, आणि एखादा बॉल पडला की समोरच्यानं खुशाल चहा मागवावा. यात वादच नाही. पण खरं सांगू का, आठवण त्यांची फारशी येत नाही.

येते ती आमच्या मार्करची. टेबल लावायचं, वेळ लिहायची, स्कोअर सांगायचा, एवढंच खरं तर त्याचं काम. पण तिथल्या एकुलत्या एक बारा फुटी स्नूकर टेबलावर त्याचा भारी जीव. पावसाळ्यात कापड दमट झालं की बॉल रेंगाळायला लागतो. मग हा आधी ब्रश मारायचा, नंतर इस्त्री फिरवायचा; दोन्ही एकाच दिशेनं, बॉक लाइनकडून, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या आडव्या रेषेकडून, काळ्या बॉलच्या जागेकडे. उलटी फिरवली तर कापडाची बारीक लव मोडते. इस्त्री चालू असताना कुणी टेबलाच्या कडेला कोपर टेकलं, तर तोंडानं काही न बोलता इस्त्री जरा जवळून न्यायचा. पूलच्या टेबलांविषयी मात्र त्याचं मत फार बरं नव्हतं. "याच्या कापडाला लवच नाही, फडकं मारलं की झालं!"

कॅम्पातले कर्नलसाहेब पूल खेळायचे, पण अभिमान सगळा दुसरीकडचा. स्नूकर 1875 साली जबलपूरच्या फौजी मेसमध्ये जन्मलं, हे नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळायचंच. मग विल्सन जोन्स. जन्म पुण्यात, 1922 चा. 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता, 1964 साली पुन्हा. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचाच, हे साहेब खणखणीत आवाजात सांगायचे. तो वाढला बंगळुरात, हे जरा हळू. 2003 मध्ये जोन्स गेले, तेव्हा साहेबांनी आम्हाला संध्याकाळभर बिलियर्ड्सच खेळायला लावलं. तीन बॉलचा तो खेळ कुणालाच धड येत नव्हता. साहेबांनाही नाही.

आणि बँकवाले. खेळ बेताचा, शिस्त मात्र कडक. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायचा चॉक कुणी पालथा ठेवला की लगेच उताणा करायचे, कडेला निळे डाग पडतात म्हणून. बाहीचं बटण बॉलला नुसतं घासलं, तरी स्वतःहून "फाउल" म्हणून बाजूला व्हायचे. आम्ही कुणी पाहिलेलंही नसायचं. हरले की टेबलचे पैसे देऊन, उरलेली चिल्लर मोजून घ्यायचे.

इतकी वर्षं एकत्र खेळलो, पण घर कुणी कुणाचं पाहिलं नाही. बँकवाल्यांचं पूर्ण नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे पेपरात निधन वार्ता येऊन गेली तरी आमच्या लक्षात आलं नाही. सुट्टीला मुलाकडे गेले असतील, असंच आम्ही धरून चाललो होतो. पंधरवड्यानं तो मुलगाच क्यूची पेटी घेऊन तळघरात आला. वडील संध्याकाळी फिरायला जातात, एवढंच घरात माहीत होतं म्हणे! क्यू विकायचा नव्हता त्याला. "बाबा कसे खेळायचे?" एवढंच विचारायचं होतं.

मी खरं तेच सांगितलं. पॉटिंग, म्हणजे बॉल पाडणं, यथातथाच; सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवणं, चांगली; आणि फाउल लपवणं त्यांना कधी जमलं नाही.

"आमचे बाबा?" तो म्हणाला. "पत्त्यांत तर रोज चीटिंग करायचे."