हायवे 50, एक तंबू आणि फुगलेला चिप्सचा पुडा

फॅलन गाव मागे पडलं, थोड्या वेळात रेडिओची खरखर सुरू झाली, मग फोनची रेंज गेली, मग समोरून येणाऱ्या गाड्यापण गेल्या. नेवाडातला हायवे 50. 1986 साली एका मासिकानं याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं, म्हणजे खरं तर जाऊच नका असा सूर होता, आणि नेवाडावाल्यांनी काय केलं, तर तेच नाव पाट्यांवर लावून टाकलं. मला हा खवचटपणा फार आवडला.

खिंड चढायची, वर पोचलं की खाली आख्खी दरी, मधून पट्टीनं आखल्यासारखा रस्ता, दोन्हीकडे सेजब्रशची राखाडी झुडपं, पलीकडे पुन्हा डोंगर. इथली जमीन ताणली जाऊन तिचे तुकडे पडले, काही वर आले काही खचले, म्हणून हे डोंगर-दरी-डोंगर-दरी चालूच राहतं, आणि इथलं पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही, इथंच मुरतं नाहीतर वाळून जातं. पहिल्या दोन खिंडींत थांबून फोटो काढले. नंतर मात्र नुसती पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते. ऑस्टिन ते युरेका, या रस्त्यावरची दोन छोटी गावं, 70 मैल, मध्ये काही म्हणजे काही नाही, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरायची हा माझा नियम, त्यावर कोणी हसलं तरी चालेल (हसायला होतंच कोण).

तंबू टाकला ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये, व्हीलर पीकच्या पायथ्याशी, जवळजवळ 10,000 फुटांवर. एवढ्या उंचीवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पास्ता वीस मिनिटं शिजवूनही दाताखाली कचकच. रात्री चांदणं इतकं की ओळखीची नक्षत्रंच सापडेनात, गर्दीत हरवली. आणि मग मध्यरात्री डोक्याशी फट्! मी टॉर्च धरून पाच मिनिटं श्वास रोखून बसले. हवेचा दाब कमी, त्यामुळे चिप्सचा पुडा फुगून फुगून शेवटी फुटला होता. अस्वल वगैरे काही नाही. चिप्स.

दुसऱ्या दिवशी ब्रिसलकोन पाइन बघायला गेले. नुसत्या दगडगोट्यांत उभी असलेली, पिळवटलेली झाडं, बहुतेक खोड मेलेलं आणि सालीची एक पट्टी तेवढी जिवंत. जिथं माती चांगली तिथं ही लवकर मरतात, जिथं हाल तिथं सावकाश वाढतात, लाकूड घट्ट होतं, कीड बुरशी लागत नाही आणि हजारो वर्षं टिकतात. 1964 मध्ये इथलंच एक झाड एका संशोधक विद्यार्थ्यानं रीतसर परवानगी काढून अभ्यासासाठी कापलं, मग खोडातली वलयं (वर्षाला एक) मोजली तर 4,800 च्या वर भरली. मी तिथं बसून नेमका त्या मोजणाऱ्याचा विचार करत होते, कितव्या वलयाला त्याला घाम फुटला असेल.

तिसऱ्या दिवशी शिखर. 13,000 फुटांच्या वर आहे, खरं तर पहाटेच निघायला हवं होतं पण थंडीत स्लीपिंग बॅगमधून निघवेना, नऊ वाजले. झाडं संपली तसा वारा असा सुटला की काठ्या रोवून उभं राहावं लागत होतं, डोकं ठणकायला लागलं, आणि पश्चिमेला ढग काळे व्हायला लागले. उघड्या धारेवर वीज म्हणजे विषय संपला. तरी दगडाआड बसून स्वतःशी भांडले, इतक्या लांब आलीस, परत कधी येणार आहेस, अजून तासाभराचं तर आहे. ग्रुप असता ना तर इज्जतीखातर गेले असते वर, शंभर टक्के. इथं इज्जत बघायलाच कोणी नव्हतं. वळले. तंबूशी पोचते तोवर गारा.

उतरताना बेकर गावाच्या अलीकडे शेजारच्या सीटवर कडकड आवाज झाला. डोंगरावर असताना घट्ट झाकण लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली, खालच्या जास्त दाबानं बाजूंनी आत चेपलेली. "आलो गं खाली," मी तिला म्हटलं, दोन दिवसांत मोठ्यानं बोललेलं पहिलं वाक्य.