तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी टर्की रनलाच का?

"परत तिकडेच?" हा प्रश्न मला वर्षातून निदान चार-पाच वेळा तरी येतो. गणपतीत भेटणाऱ्या मैत्रिणी विचारतात, ऑफिसमधले विचारतात, आणि नाशिकहून फोनवर आई तर दर एप्रिलमध्ये विचारतेच. इंडियानापोलिसजवळ राहायला येऊन आम्हाला आता बारा वर्षं होतील आणि त्यातली आठ वर्षं आम्ही मे महिन्यात टर्की रन स्टेट पार्कला तंबू घेऊन जातोय. लोकांचं म्हणणं असं की एवढी मोठी अमेरिका पडलीय, यलोस्टोन आहे, ग्रँड कॅन्यन आहे, आणि तुम्ही काय मक्याच्या शेतांमधून दीड तास गाडी चालवत दरवर्षी एकाच जंगलात जाऊन झोपता. मी आत्तापर्यंत "जवळ आहे, स्वस्त आहे" असं सांगून विषय संपवायचे. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नाहीये. आता इतक्यांदा विचारलंत तर नीट सांगते.

आधी जागा कशी आहे ते. इंडियानाचा हा भाग म्हणजे सपाट, डोळ्यांना टेकायला एक टेकडी नाही, आणि त्या सपाट शेतांमधून जाता जाता एकदम जमीन फाटते आणि खाली शुगर क्रीक दिसते. नाव क्रीक असलं तरी आपल्याकडे तिला कोणीही नदीच म्हणेल, ती पुढे वाबॅश नदीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना वालुकाश्मातल्या अरुंद अरुंद घळी आहेत. ही वाळू इथे साठली साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी, आणि मग फार नंतर हिमयुगातला बर्फ वितळायला लागला तेव्हा त्या पाण्याने हा मऊ दगड कापून काढला. आपली सांदण दरी ज्यांनी केलीय त्यांना अंदाज येईल, फक्त तिथे काळा बसाल्ट आणि इथे पिवळसर, हात लावला तर बोटाला वाळू लागेल असा दगड, त्यावर हिरवंगार शेवाळ आणि नेचे, आणि मे महिन्यात भिंतींमधून सतत पाझरणारं पाणी. तिथे पंच बाउल म्हणून एक खळगा आहे, पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी खडक कोरून झालेला. तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी जोरात "निघोज!" म्हणाले होते. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेले, तीच करामत, फक्त इथले गोटे हिमनद्यांनी थेट कॅनडाकडून आणून टाकलेले.

कॅम्पिंगचं फार काही सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच. बुकिंग लवकर करा, वीकेंडच्या जागा पटापट जातात. सरपण घरून नेऊ नका, बाहेरच्या लाकडातून किडे पसरतात म्हणून तिथे नियम आहेत, तिथलंच शिक्का असलेलं लाकूड घ्या. खाणं रात्री गाडीत बंद करून ठेवा नाहीतर रकून नावाचे प्राणी येतात आणि ते डबे माणसासारखे उघडतात. आम्ही पहिल्या रात्री पिठलं-भात करतो, सकाळी पोहे, आणि दुपारसाठी घरून थालीपिठं करून नेलेली असतात, ती वर्षानुवर्षं बदललेली नाहीत. जमलं तर जूनच्या सुरुवातीला जा, रात्री काजवे दिसतात. लेक लहान असताना मी तिला भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या गोष्टी सांगायचे आणि तिला वाटायचं मी काहीतरी वाढवून सांगतेय, मग एका रात्री शौचालयाकडे जाताना तिनेच टॉर्च बंद केला आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.

आता ट्रेल ३, म्हणजे पार्कमधली तिसऱ्या नंबरची पायवाट. तंबूपासून चालत झुलत्या पुलापर्यंत यायचं, तो पूल १९१७-१८ च्या सुमारास बांधलेला, पाऊल टाकलं की हलतो. पलीकडे उतरलात की ट्रेल सुरू होतो आणि थोड्याच वेळात लक्षात येतं की वाट अशी वेगळी नाहीचे, ओढ्याचं पात्र हीच वाट. पाण्यातून चालायचं, दगडांवरून चढायचं, एका ठिकाणी तर घळीतून लाकडी शिड्या लावल्यात त्यावरून वर-खाली व्हायचं. अंतर जेमतेम पावणेदोन मैल, पण आम्हाला अडीच तास लागतात आणि लागूदेत. म्हणून दरवर्षी तोच ट्रेल केला तरी तो तोच नसतो हो, मागच्या वर्षी जिथे कोरडा दगड होता तिथे ह्या वर्षी घोट्यापर्यंत पाणी, मोठं झाड आडवं पडलेलं, वाळूचा ढीग इकडचा तिकडे गेलेला. एका वर्षी रात्रभर पाऊस लागला, तंबूवर नुसता ताशा वाजत होता, सकाळी पुलावर जाऊन बघितलं तर खाली चहाच्या रंगाचं पाणी धावत होतं, आम्ही पुलाच्या मधोमध उभं राहून अर्धा तास बघितलं आणि परत फिरलो. पाऊस पडून गेल्यावर त्या घळींमध्ये शिरू नका, हे मी कळकळीने सांगतेय, तिथे पाणी वाढलं तर बाजूला सरकायला जागाच नसते.

पण खरं कारण झाडं. घळींच्या काठावर एक गडद हिरवं, बारीक मऊ सुयांचं, खाली झुकलेल्या फांद्यांचं झाड दिसतं, ईस्टर्न हेमलॉक. विषाच्या हेमलॉकशी त्याचा काही संबंध नाही, हे पाइनच्या कुळातलं. त्याचं खरं घर उत्तरेला आणि पूर्वेकडच्या डोंगरांमध्ये. हिमयुगात हवा थंड होती तेव्हा ही झाडं इथवर पसरलेली, मग हवा तापत गेली, बाकीकडची गेली, आणि ह्या घळींमध्ये गारवा आणि ओल टिकून राहिली म्हणून इथली राहिली. उन्हाळ्यात वर पार्किंगमध्ये घाम फुटलेला असतो आणि घळीत उतरलं की अंगावर गार हवा येते, ती ह्या झाडांना हजारो वर्षं पुरलीय.

आणि ही झाडं जवळजवळ गेलीच होती. ही जमीन लस्क नावाच्या कुटुंबाची होती. जॉन लस्क हा त्यातला शेवटचा मालक, एकटाच राहायचा, लाकूडवाले पैसे घेऊन यायचे आणि हा नाही म्हणायचा. तो १९१५ मध्ये गेला आणि जमीन लिलावात निघाली. तेव्हा ज्यूलिएट स्ट्रॉस म्हणून शेजारच्या रॉकव्हिलच्या एक लेखिका होत्या, वर्तमानपत्रात सदर लिहायच्या, त्यांनी गव्हर्नरला पत्र लिहिलं की हे जंगल वाचवा. समिती झाली, वर्गणी जमवली, मे १९१६ मध्ये लिलाव झाला आणि तिथे इंडियानापोलिसच्या एका व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, बनवणाऱ्या कंपनीने जास्त बोली लावली. ३०,२०० डॉलरला जंगल गेलं. समितीतल्या रिचर्ड लीबर आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी मात्र हार मानली नाही, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या कंपनीकडून ४०,२०० डॉलर देऊन जमीन परत मिळवली. सहा महिन्यांत दहा हजार जास्त! ते इंडियाना राज्याच्या शंभरीचं वर्ष होतं, म्हणून पार्क ही राज्याला भेट. लीबर जर्मनीहून इथे आलेले, त्यांच्या अस्थी ह्याच पार्कमध्ये आहेत.

आई तीन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा तिलाही नेलं. गुडघ्यांमुळे शिड्या नाही जमल्या पण पूल ओलांडून पहिल्या घळीपर्यंत आली, दगडावर बसली, मी तिला हे सगळं सांगितलं. तिने हेमलॉकच्या फांदीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुरूसारखं लागतंय, पण मऊ आहे." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजोळी आमच्या देवराईत कोणी काडी उचलायचं नाही. ह्या लस्कने देव नसताना तेच केलं की." आईचं आजोळ संगमेश्वरकडचं. फोनवर "परत तिकडेच?" ती अजूनही विचारते, पण लगेच पुढे विचारते, "झाडं बरी आहेत ना?"

तर ते, झाडं बरी आहेत ना. सहा वर्षांपूर्वी आम्ही पूर्वेकडच्या स्मोकी माउंटन्सला गेलो होतो, नॅशनल पार्क, सगळे सांगत होते म्हणून. सुंदर आहे, जाच. पण डोंगरउतारांवर जागोजागी राखाडी सांगाडे उभे होते, उंचच्या उंच, एक सुई नाही त्यांच्यावर. रेंजरला विचारलं तर म्हणाली, हेमलॉक. एक इवलासा कीटक आहे, वूली अडेल्जिड, मूळ जपानकडचा, १९५१ मध्ये व्हर्जिनियात पहिल्यांदा दिसला आणि २००२ मध्ये स्मोकीजमध्ये पोचला. सुईच्या बुडाशी बसून रस शोषतो, फांदीच्या खालच्या बाजूला कापसाचे पांढरे ठिपके दिसतात, आणि काही वर्षांत शे-दोनशे वर्षांचं झाड उभ्या उभ्या वाळतं. वाऱ्याने पसरतो, पक्ष्यांच्या पायांना लागून येतो, माणसांच्या कपड्यांवरूनही येतो. औषध आहे, खोडाजवळच्या मातीत देतात, त्या कीटकाला खाणारे भुंगेरेही सोडतात, पण जंगलातल्या प्रत्येक झाडापर्यंत कोण पोचणार. परत येताना गाडीत मला टर्की रनच्या घळीच दिसत होत्या. लेक मागून म्हणाली, "आपल्याकडचीपण मरतील?" तिने आपल्याकडची म्हटलं आणि मला खूप भरून आलं.

तेव्हापासून आम्ही नुसते फिरायला जात नाही, बघायला जातो. जॅकेटं, बूट घरूनच धुऊन झटकून नेतो. ट्रेलवर हाताला येतील त्या हेमलॉकच्या फांद्या हळूच उलट्या करायच्या, तोडायच्या नाहीत, खालच्या बाजूला फोनचा उजेड टाकायचा. सुयांच्या खाली दोन फिकट पट्टे असतात ते घाबरवतात पहिल्यांदा, ते झाडाचेच, ते ठीक. कापूस शोधायचा. तुम्ही गेलात तर तुम्हीही बघा, आणि दिसला तर फोटो काढून, जागा लक्षात ठेवून पार्कच्या ऑफिसात सांगा, लवकर कळलं तर झाड वाचवता येतं.

मागच्या मेमध्ये लेकीने पुलापासून शिड्यांपर्यंत एकवीस झाडं बघितली, ती आता बारा वर्षांची आहे आणि मला हात लावू देत नाही, मी फक्त वहीत लिहायचं. एकवीसही स्वच्छ. ह्या वर्षीचं बुकिंग झालंय, आणि वही आत्तापासूनच तंबूच्या पिशवीत टाकून ठेवलीय तिने.