दक्षिण ध्रुवावर हिवाळा कधी धरायचा?

ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट या संशोधन तळावर जानेवारी १९५७पासून तापमान नोंदलं जातंय. एवढी लांबलचक नोंद हाती आली की तीन-तीन महिन्यांचे चार ऋतू पाडून रेषा ओढायचा मोह होतो, आणि पहिला घोळ तिथेच होतो.

ध्रुवावर सूर्य मार्चमध्ये मावळतो तो थेट सप्टेंबरात उगवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा धाडकन उतरतो (हे नुसतं बोलण्यापुरतं, खरा पारा उणे ३९ अंशांच्या आतबाहेरच गोठतो) आणि मग सप्टेंबरपर्यंत जवळपास तळालाच रेंगाळतो. म्हणून हिवाळा सरळ एप्रिल ते सप्टेंबर धरा. २०२१चा विक्रमी थंड हिवाळा, सरासरी साधारण उणे ६१ अंश, याच हिशेबातला. उन्हाळा डिसेंबर-जानेवारीचा, पण त्यात वर्ष बदलतं: उदाहरणार्थ डिसेंबर २०११ हा २०१२च्या उन्हाळ्यात जातो. हे विसरलात तर दोन वेगळे उन्हाळे एकत्र शिवले जातात.

मार्चला जपा. पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी नसतील तर उरलेल्या दिवसांची सरासरी आपोआप थंड निघते, कारण गाळलेले दिवसच उबदार असतात. आधी प्रत्येक दिवसाचा त्या तारखेच्या दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक काढा, मगच महिना बांधा. नव्वद टक्क्यांहून कमी नोंदी असलेला महिना मी तरी वेगळ्या रंगात ठेवेन.

माणसांविना चालणाऱ्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर आणखी वैताग. उन्हाळ्यात वारा पडला की बर्फावरून उसळणारं ऊन तापमापकाचं कवच तापवतं आणि पंखा नसेल तर हवा आहे त्यापेक्षा कित्येक अंश गरम दिसते. शिवाय साचणारा बर्फ खांब गिळतो: दोन मीटरवरचा तापमापक दीड मीटरवर येतो. हिवाळ्यात बर्फालगतची हवा सगळ्यात थंड, त्यामुळे काही न बदलता ‘थंडी वाढली’ असं दिसतं. खांब कधी वर उचलला ती तारीख नोंदवहीत शोधाच.

कल, म्हणजे तापमान दर दशकाला किती बदलतंय ते, काढताना लगतच्या वर्षांचा सहसंबंध (एका वर्षाचं तापमान पुढच्याशी किती जुळतं ते) धरायलाच हवा. ६० वर्षं आणि सहसंबंध ०.२ असेल, तर ६० × ०.८ ÷ १.२, म्हणजे हाताशी स्वतंत्र अशी ४०च वर्षं. हिवाळ्यातले चढउतार मोठे, म्हणून तिथला कल ठरायला वर्षंही जास्त लागतात.

कल कुठून मोजायला घेतला यावर तो किती बदलतो ते कळायला सुरुवातीचं वर्षही एकेक करून सरकवून बघा. १९८९ ते २०१८ या काळात ध्रुव दर दशकाला सुमारे ०.६ अंशाने तापला; त्यानंतर तीनच वर्षांनी तो विक्रमी हिवाळा आला.