डॉक्टरकाका फक्त बघणार आहेत

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांच्या आमच्या कार्यशाळेत सगळे एकमेकांना ताई-दादा म्हणतात, म्हणून ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला इथेही मी दादाच म्हणते. वय सत्तावीस. कोथरूडला आईबरोबर राहतो, वनाजहून मेट्रोने येतो आणि कागदी पिशव्यांच्या टेबलावर बसतो. पिशवीचा तळ त्याच्याइतका चोख दुसऱ्या कुणाला दुमडता येत नाही. घडी घातली की तिच्यावरून नख फिरवायचं, खळ लावायची, पुन्हा नख. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख त्याने वाढवलंय. ते कापायचा दिवस घरात फार अवघड जातो.

तो बोलतो, पण त्याची बहुतेक वाक्यं कुणाकडून तरी घेतलेली असतात. तहान लागली की म्हणतो, "पाणी देऊ का तुला?" कारण पाणी हातात येण्याआधी आई हेच विचारते. क्रियापदंही आईचीच. "मी येते." "मी जेवले." रस्त्यात लोक हसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. टेबलावरून उठायचं असलं की मेट्रोतल्या बाईंच्या सुरात म्हणतो, "दरवाजे उजवीकडे उघडतील." म्हणजे 'मला आता जाऊ दे', हे कळायला मला दोन महिने लागले.

पीएचडीत मी लहान मुलांच्या आयांच्या ताणावर काम केलं. आता पोस्ट-डॉकसाठी मुद्दाम मोठ्यांकडे वळले. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाला चिंतेचा विकार झाला, तर तो ओळखायचा कसा, हा माझा विषय. आमच्या बऱ्याच प्रश्नावल्या 'गेल्या आठवड्यात तुम्हाला अस्वस्थ वाटलं का' असं विचारतात आणि उत्तर आईवडील देतात. ज्याला अस्वस्थ वाटतंय तो शेजारी बसलेला असतो.

गेल्या श्रावणात दादा उजव्या गालावर तळहात मारून घ्यायला लागला. त्याच सुमारास एक वाक्य सुरू झालं. "डॉक्टरकाका काही करणार नाहीत हं, फक्त बघणार आहेत." दिवसातून तीस-चाळीस वेळा. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला होता, आणि संध्याकाळी तो आवाज कार्यशाळेपर्यंत येतो. आमच्यापैकी अनेकांना दर वर्षी त्याचा त्रास होतो, त्यामुळे कारण आम्ही हातोहात ठरवून टाकलं. ढोल. दादाला कानावर घालायचे मोठे हेडफोन दिले, जागा खिडकीपासून हलवली, दिवसभराच्या कामांची चित्रपट्टी करून दिली. पंधरा दिवस झाले. गाल लाल व्हायचा, पिशव्या पडून राहायच्या. शेवटी मी मानसोपचारतज्ज्ञांना पत्र लिहिलं, औषधाचा डोस वाढवायचा विचार व्हावा म्हणून. त्यात एक ओळ होती, 'संदर्भहीन वाक्यांचे प्रमाण वाढले आहे.'

पाठवण्याआधी पत्र त्याच्या आईला वाचून दाखवलं. त्या ओळीशी त्यांनी मला थांबवलं.

"संदर्भहीन कसं, मॅडम? हे तर मीच म्हणायचे त्याला."

"कधी?"

"सहा वर्षांचा होता. दुधाचा दात किडला होता, तो काढायला नेलं तेव्हा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि काढलाच की हो दात. फक्त बघणार नव्हतेच ते. मी खोटं बोलले त्याच्याशी."

चार दिवसांनी दंतवैद्यांकडे एक्स-रे निघाला. खालची उजवी अक्कलदाढ आडवी येत होती, भोवतालची हिरडी सुजलेली होती. इतके दिवस तो त्याच्याजवळ असलेल्या एकुलत्या एका दाताच्या वाक्यातून आम्हाला दात दुखतोय असं सांगत होता.

एक निदान झालं की नंतरचा मानसिक त्रासही त्याच निदानाच्या खाती टाकला जातो, हे स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांबद्दल दाखवून दिलं; शरीराच्या दुखण्याचंही तसंच होतं. ते मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. मलाच ते दिसलं नाही, याचं दुःख अजून गेलेलं नाही.

दुसरं दुःख जुनं आहे. दादाच्या फायलीत माझ्याच हातचा, आठ वर्षांपूर्वीचा आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) आहे. ऑटिझमच्या मोजणीसाठी आपल्याकडे हे माप वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम, १५३ च्या वर तीव्र. प्रमाणपत्राला हा आकडा लागतो आणि प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही, पेन्शन नाही, म्हणून या मापाला मी नावं ठेवणार नाही. ऐकलेलं तसंच पुन्हा म्हणणं हा त्यातला एक मुद्दा. दादाला मी ५ दिले होते. गुण बरोबर आहेत. पण तो नेमकं काय म्हणतो ते लिहायला मी समासातली एक ओळसुद्धा वापरली नाही. अशा पुनरुक्तीला अर्थ असतो, मुलं तिच्यातून मागतात, होकार देतात, स्वतःला सावरतात, हे बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं.

मराठीत तर खुणा आणखी स्पष्ट असतात. 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमवरच्या आपल्या पहिल्या लेखात, अकरा मुलांबद्दल लिहिताना नोंदवली आहे, पण इंग्रजीत क्रियापदावरून बोलणारी बाई की पुरुष ते कळत नाही. आपल्याकडे 'मी येते' म्हटलं की वाक्य बाईकडून आलं, 'बसा' म्हटलं की ते कुणा मोठ्याला किंवा अनेकांना उद्देशून होतं. आणि 'काका' आणि 'हं' असलेलं वाक्य सत्तावीस वर्षांच्या माणसाला कोण म्हणेल? ते लहान मुलाला म्हटलेलं आहे, म्हणजे वीसेक वर्षं जुनं आहे, हे पहिल्याच दिवशी माझ्या कानाला कळायला हवं होतं.

ऑटिझम असलेल्यांसाठीचा 'स्वमग्न' हा शब्द मी आता सहसा वापरत नाही. हा माणूस दिवसभर आपल्या सगळ्यांचं ऐकत असतो.

दाढ काढायच्या आधी आम्ही तीनदा दवाखान्यात गेलो. पहिल्यांदा नुसतं दारापर्यंत, दुसऱ्यांदा खुर्चीवर बसून खुर्ची वरखाली करायला, तिसऱ्यांदा तोंड उघडून आरसा आत घालू द्यायला. चौथ्या खेपेला आईने त्याचा हात धरून सांगितलं, "आज डॉक्टर दाढ काढणार आहेत. आधी झोप येईल. उठल्यावर दुखेल. मी इथेच आहे." वाक्य आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं, आणि 'दुखेल' हा शब्द ठेवायचाच, असा आग्रह त्यांचा होता. गालावर मारणं आठवड्याभरात जवळजवळ थांबलं. दमला की हात अजून तिकडे जातो.

तेव्हापासून आमची एक शंभरपानी वही आहे. डाव्या पानावर दादाचं वाक्य, जसंच्या तसं. उजव्या पानावर ते कुठून आलं, कोण म्हणालं होतं, तेव्हा काय घडत होतं आणि आता तो ते कधी म्हणतो. आई घरी लिहितात, मी कार्यशाळेत. एकसष्ट वाक्यं झाली आहेत. कार्यशाळेतल्या आणखी चार घरांनी अशा वह्या सुरू केल्या. एका बाबांनी तर मुलीचं बोलणं ऐकता यावं म्हणून संध्याकाळचा टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली आहे.

बऱ्याच वाक्यांची उजवी पानं भरली. एक अजून कोरं आहे. "शिडी लावली का रे?" आईच्या आठवणीत नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली. क्रियापदावरूनही बोलणारं कोण ते कळत नाही. 'रे' आहे, म्हणजे कुणा मुलाला किंवा पुरुषाला विचारलेलं, एवढंच. परवा आईचा फोन आला, "ताई, आज परत म्हणाला. झोपायच्या आधी, हसत." मी तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'हसत.'