प्लँचेटचा धर्म झाला त्याची गोष्ट

प्लँचेट म्हटलं की आपल्याला काय आठवतं, होस्टेलची रूम, लाइट बंद, पुठ्ठ्यावर ए टू झेड, मधे उलटी वाटी, तिच्यावर सगळ्यांची बोटं आणि आलेल्या आत्म्याला पहिला प्रश्न, एम थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, निघेल का. पण याच टाइपच्या उद्योगातून फ्रान्समधे अख्खा पंथ उभा राहिला आणि आज ब्राझीलमधे तो मानणारे लाखो लोक आहेत. स्पिरिटिझम.

१८५०च्या दशकात पॅरिसमधे टेबलं हलवायचं फॅड होतं, लोक टेबलाभोवती बसायचे आणि टेबल म्हणे ठोके देऊन उत्तरं द्यायचं. ते बघायला रिवाय नावाचा एक मास्तर गेला, पाठ्यपुस्तकं लिहिणारा माणूस, आणि मास्तरच तो, त्याने आत्म्यांची थेट तोंडी परीक्षाच घेतली. वेगवेगळ्या माध्यमांकडून, म्हणजे ज्यांच्यातून आत्मे म्हणे बोलतात अशा माणसांकडून, उत्तरं घ्यायची, ताडून बघायची, आणि १८५७ला ॲलन कार्डेक या नावाने पुस्तक. त्याच्या वाढवलेल्या आवृत्तीत १०१९ प्रश्न आहेत!

आता पुनर्जन्म, कर्माचं फळ हे आपल्याला काय नवीन. पण यांच्यात माणूस पुढच्या जन्मी कुत्रा-मांजर होत नाही, चौऱ्यांशी लक्ष योनी वगैरे भानगडच नाही. आत्मा अडकेल, रखडेल, पण मागे जाणार नाही, फार तर एटीकेटी.

आणि पुरोहित नाही, मूर्ती नाही. सेंटरवर वाचन-प्रवचन होतं, मग अंगाला न लावता नुसते हात फिरवून 'पास' देतात, भारलेलं पाणी देतात, आणि सगळं फुकट, कारण आत्म्यांच्या नावावर पैसे घ्यायचेच नाहीत हा नियम. आपल्याकडे 'बाधा काढून देतो' म्हणणाऱ्यांना हा नियम लावा, निम्मी दुकानं बंद.

त्यांचा सगळ्यात फेमस माध्यम शिको शाव्हिएर, २००२मधे गेला. चारशेच्या वर पुस्तकं, सगळी म्हणे आत्म्यांनी लिहून घेतलेली, आणि मानधन दानात. मेलेल्या मुलांची पत्रं पण तो आईबापांना लिहून द्यायचा. १९७०च्या दशकात तर मित्राच्या हातून गोळी लागून गेलेल्या एका पोराचं असं पत्र कोर्टात आलं, 'मित्राची चूक नाही' म्हणून, आणि मित्र सुटला.

मला हे पटतं का, तर नाही. टेबल आपणच नकळत ढकलतो हे शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५३लाच दाखवलं होतं, वाटीचं पण तेच. पण हसायला जावं तर आपलं काय चालू असतं? पुण्यात ओंकारेश्वरावर एका दहाव्याला गेलो होतो, कावळा काही शिवेना, झाडावर बसून नुसता बघतोय. नातेवाईक एकेक करून पुढे येऊन हात जोडतायत, घराचं बघू, आईला नीट सांभाळू, काही फरक नाही. शेवटी धाकटा मुलगा कसाबसा बोलला, "बाबा, ताईचं लग्न मी लावून देईन," आणि दोन मिनिटांत कावळा खाली. मी याला पुरावा बिलकुल म्हणणार नाही. पण कावळ्याला भूक लागली असेल रे, असं त्या पोराला सांगायला माझी जीभ काही रेटली नाही.