तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल नेमकी अडते कुठे?

निवृत्त झाले तरी एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लग्नात, जत्रेत, वाळपईच्या बाजारात कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, कायदा चांगला, पैसे मंजूर, मग गावात येईपर्यंत त्याचं होतं काय? तुम्ही आत होता, तुम्हांला ठाऊक असणार." बाहेरच्यांना मी दोन वाक्यांत उत्तर देते. पण परवा हेच भाचीने विचारलं. तिची नुकतीच तलाठी म्हणून नेमणूक झाली आहे. तिला दोन वाक्यं पुरायची नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मीही तलाठी म्हणूनच लागले आणि संयुक्त मामलेदार होऊन बाहेर पडले. मधल्या वर्षांत मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) खटले पाहिले, उत्पन्नाचे दाखले दिले, निवडणुका पार पाडल्या. पण सरकारी कामाचं खरं शिक्षण मला दिलं ते 2006 च्या वनहक्क कायद्याने. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला 2003 मध्ये. त्यांच्यापैकी जे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून रानातली जमीन कसत होते, त्यांना ती चार हेक्टरपर्यंत हक्काने मिळू शकते, असं हा कायदा सांगतो. इतर पारंपरिक वननिवासींनाही मिळते, पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. काणकोण, केपे, सांगे, धारबांदोडा आणि सत्तरी या तालुक्यांतून मिळून दहा हजारांच्या आसपास दावे आले. ग्रामसभेच्या वरची पायरी म्हणजे उपविभागीय समिती, तिच्यापुढे जाणाऱ्या फायली आधी तपासायचं काम काही काळ माझ्याकडे होतं. तालुक्याचं नाव इथे घेत नाही.

पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या वेळीप बाईचा दावा आला. सोबत रेशनकार्ड होतं, गावातल्या दोन वृद्धांचे जबाब होते, बाकी काही नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (म्हणजे आमच्या गोव्याच्या सातबारावर) नाव सरकारचं. मी शेरा मारला: "कागदोपत्री पुरावा अपुरा, पूर्तता करावी." आणि फाइल परत पाठवली. असे शेरे मी त्या महिन्यात बरेच मारले.

आता नियम काय म्हणतो ते ऐक. 2008 च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तिच्यात सरकारी दप्तर आहे, मतदार ओळखपत्र आहे, घरपट्टीची पावती आहे. पण त्याच यादीत जमिनीवर दिसणाऱ्या खुणाही आहेत: घर, बांध, सपाट केलेली जागा. आणि दावेदार सोडून इतर वृद्धांचा लेखी घेतलेला जबाबही आहे. यांतले एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे. म्हणजे त्या बाईची फाइल पुरी होती. मी मागितलेला कागद कायद्याने मागितलाच नव्हता, तो मी मागितला होता.

का मागितला? खूप दिवस मी स्वतःला सांगत राहिले की काटेकोरपणा म्हणून. ते खरं नव्हतं. मला भीती होती. उद्या ऑडिट आलं, तक्रार झाली, तर वृद्धांचा जबाब दाखवू की शिक्क्याचा कागद? आमच्या नोकरीत देऊन चूक केली तर खुलासा द्यावा लागतो, चौकशी लागते, बढती अडते. न देऊन चूक केली तर कोणी एका ओळीचा मेमोसुद्धा पाठवत नाही. आणि नाकारलंही नाही, नुसती 'पूर्तता करावी' म्हणून परत केली, तर चूक झाल्याची कुठे नोंदच होत नाही. भाचीबाई, फाइल अडते ती इथे. लाच, आळस, राजकारण हे सगळं आहेच, त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. पण मी पाहिलेल्या बहुतेक फायली चांगल्या, प्रामाणिक, घाबरलेल्या माणसांच्या टेबलांवर पडून होत्या.

पुढे पाहणीसाठी मी स्वतः त्या वाड्यावर गेले. वनरक्षक, तलाठी, वनहक्क समितीची दोन माणसं आणि जीपीएस यंत्र असा लवाजमा होता. दाट झाडीखाली यंत्राचा आकडा स्थिर होईना. म्हातारी आमच्या पुढे चालत होती, तिला यंत्राची गरज नव्हती. तिने जांभ्या दगडाचा बांध दाखवला. बांधावर शेवाळाचे थर होते आणि दोन ठिकाणी झाडाच्या मुळांनी दगड कवेत घेतले होते. बांधाखाली नाचणीचा तुकडा, वर काजू. कोपऱ्यात राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा दगड, तिथे वर्षातून एकदा कोंबडा द्यायची रीत. मग एका जुन्या फणसाखाली ती थांबली आणि म्हणाली, "हें आमचें न्हय जाल्यार कोणाचें गो बाये?" (हे आमचं नाही तर कोणाचं गं बाई?)

आमच्या पंचनाम्यात त्या दिवशी काय लिहिलं गेलं? "काजूची झाडे." छापील फॉर्ममध्ये झाडांसाठी रकाना होता, बांधासाठी नव्हता. सगळ्यांत भक्कम पुरावा रकान्याअभावी बाहेर राहत होता. मी तिथेच मागच्या कोऱ्या बाजूला बांधाची लांबी, उंची, दगडाचा प्रकार आणि मुळांची अवस्था लिहून घेतली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वनरक्षकाने कुरकुर न करता सही केली. तोही त्याच भागातला होता, बांध ओळखत होता.

नावांचा घोळ हा आणखी एक प्रकार. नाईक हे आडनाव जुन्या पोर्तुगीज दप्तरात शेवटी क्यू-यू-ई लावून येतं, शेट तर एक्सने सुरू होतं. आजोबांचं एक स्पेलिंग, बापाचं दुसरं, आधार कार्डावर तिसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला माणूस मजुरी बुडवून तालुक्याला येतो. मी जबाबातच पंचांसमक्ष वंशावळ लिहून घ्यायला सुरुवात केली. तीही नियमांतल्या पुराव्यांच्या त्याच यादीत बसते. बरेचसे हेलपाटे तेवढ्याने वाचले.

आणि ग्रामसभेचा कोरम. हा विषय निघाला की अजून माझा जीव कासावीस होतो. दावे ग्रामसभेत मंजूर व्हावे लागतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात आणि निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. हेतू फार चांगला, चार पुढाऱ्यांनी गावाच्या नावाने ठराव करू नये म्हणून. पण आमच्याकडे सभा भरते ती अख्ख्या पंचायतीची. वाडे डोंगरात विखुरलेले, पंचायत घर खाली रस्त्याला, रविवारी तिकडे बस नाही. एप्रिलच्या एका रविवारी सकाळी साडेदहाला सभा ठेवली. एप्रिलात सकाळी साडेदहाला काजूवाला माणूस कुठे असतो? बागेत. बोंडू वेचायचे, बिया वेगळ्या करायच्या, रस त्याच दिवशी काढायचा, नाहीतर माल वाया. सभा तहकूब. पुढची ठेवली जुलैत, ऐन लावणीत. तीही तहकूब. अहवालात मी लिहिलं, "ग्रामस्थांचा अल्प प्रतिसाद." हे वाक्य मी लिहिलंय, याची मला आजही लाज वाटते.

शेवटी वाड्यावाड्यावर जाऊन बायकांनाच विचारलं, तुम्हांला कधी जमेल? त्यांनी एका दमात सांगितलं: कापणी उरकल्यावर, दुपारी चारला, वरच्या शाळेच्या पटांगणात, आणि दिवेलागणीआधी सोडा. पंचायत सचिव आणि सरपंचांनी ते मान्य केलं, खालच्या वाड्यांसाठी दोन गाड्यांची सोय झाली. त्या दिवशी पटांगण भरलं. आधीच्या दोन तहकूब सभांत मिळून जेवढ्या बायका आल्या नव्हत्या, तेवढ्या पहिल्या दोन रांगांत बसल्या होत्या.

हे फक्त रानातल्या जमिनीपुरतं नाही. म्हातारे, विधवा, दिव्यांग यांच्यासाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहाचे पैसे घे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दाखला चुकला तर पैसे आपोआप थांबतात. ते पुन्हा सुरू करायला मात्र अर्ज, शिफारस, फेऱ्या. थांबणं आपोआप, सुरू होणं माणसाच्या पायांवर. तुझ्या साझ्यातल्या अशा घरांची यादी कर आणि तू जा.

तू विचारलंस, तुझ्या हातात काय आहे. कायदा तुझ्या हातात नाही, निधी नाही, बदलीही नाही. कोणता कागद मागायचा, सभा किती वाजता ठेवायची, पंचनाम्यात काय लिहायचं, फाइल परत करताना कारण काय द्यायचं, एवढं आहे. शेरा मारण्याआधी नियमाचं पान उघडून बघ, तो कागद तिथे खरंच लिहिलाय का. आणि नाकारायचंच असेल तर कारणांसह लेखी नाकार. लेखी नकार हातात आला की साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. 'पूर्तता करावी' या शेऱ्यावर कुठेच दाद मागता येत नाही.

त्या म्हातारीचा दावा मंजूर झाला. सनद हातात पडल्यावर तिने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, यात फणस कुठे आहे? नकाशावर नुसते अक्षांश-रेखांशाचे बिंदू होते. मी अंदाजाने एका बिंदूवर बोट ठेवलं. तिने मान हलवली आणि माझं बोट धरून थोडं वर, बांधाच्या बाजूला सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पंचनाम्यांच्या कच्च्या नकाशांवर बांध, विहीर, राखणदार आणि जुनी झाडं काढायला मी सर्व्हेअरला सांगितलं.