धरमपेठेतले महापातक

वर्ध्याहून नागपूर रेल्वेने जेमतेम दीड तासाच्या अंतरावर आहे. सिंदी, बुटीबोरी, अजनी ही स्थानके मला इतकी पाठ आहेत की या वाटेचे प्रवासवर्णन लिहावे असे आजवर कधी मनातही आले नव्हते. परंतु गेल्या डिसेंबरात मॉन्ट्रियलला राहणारा माझा मावसभाऊ धरमपेठेत मावशीकडे आला आणि फोनवर म्हणाला, "दादा, तुझ्यासाठी महापातक आणले आहे. मात्र ते करायला तुलाच नागपूरला यावे लागेल."

त्याच्या म्हणण्याचा अर्धा भाग मला लगेच कळला. गांधीजींच्या वास्तव्यामुळे आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे बाटलीत जे काही असेल ते जिल्ह्याची हद्द ओलांडूनच चाखावे लागणार होते. उरलेला अर्धा भाग बाटलीवरच्या नावात होता. 'पेशे मोर्तेल' या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ प्राणघातक पाप, म्हणजे आपल्याकडचे महापातक. मॉन्ट्रियलच्या 'द्यू द्यू सिएल' या ब्रुअरीची ही कॉफी घातलेली इंपीरियल स्टाउट, म्हणजे काळी, दाट आणि जास्त कडक बिअर असून तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साडेनऊ टक्के आहे. आपल्याकडे दुकानात 'स्ट्राँग' म्हणून मिळणारी बिअर आठ टक्क्यांपलीकडे जात नाही, यावरून तिच्या जोराची कल्पना यावी. परदेशातून येताना सामानात दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते आणि एक बाटली ३४१ मिलिलिटरची, त्यामुळे भावाने हिशेब करून पाचच बाटल्या आणल्या होत्या. सहावी घेतली असती तर ४६ मिलिलिटरने मर्यादा ओलांडली गेली असती, हे त्याने मला दोनदा सांगितले.

संध्याकाळी जेवणाआधी आम्ही मागच्या व्हरांड्यात बसलो. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी आधी आपला मद्यसेवनाचा परवाना टेबलावर काढून ठेवला, आमचेही आहेत का ते विचारले आणि मगच बाटली उघडू दिली. येथे आमच्याकडून एक चूक झाली. नागपूरकराच्या मनात बिअर म्हटले की मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन आणि बाहेरून पाणी सुटलेली गार बाटली एवढेच चित्र असते, त्यामुळे काकांनी बाटल्या दुपारपासून फ्रीजमध्ये अगदी मागे सारून ठेवल्या होत्या. पहिला घोट बर्फासारखा गार होता. त्यात कॉफीचा कडवटपणा सोडून काहीच हाती लागले नाही, आणि तोही फिल्टर कॉफीचा नव्हे, तर सकाळी उकळून दुपारपर्यंत विसरलेल्या काळ्या कॉफीचा. एक घोट घेऊन मावशी म्हणाली, "अरे, ही तर करपलेली कॉफी आहे. एवढ्या लांबून हे ओझे कशाला आणलेस?"

त्या क्षणी माझेही मत तिच्याहून वेगळे नव्हते. भावाने मात्र ग्लास तसेच टेबलावर ठेवायला सांगितले आणि आम्ही अर्धा तास दुसऱ्या गप्पा मारल्या. डिसेंबरातल्या नागपूरच्या रात्रीचे एक बरे असते. व्हरांड्यात ठेवलेली वस्तू गरम होत नाही, फक्त तिचा गारठा सुटतो, आणि स्टाउटला तेवढेच हवे असते. दुसऱ्यांदा ग्लास उचलला तेव्हा वरचा फेस बसून काठाला तपकिरी कडा उरली होती, आणि खालचा द्रव इतका काळा होता की दिव्यासमोर धरूनही त्यातून उजेड दिसला नाही. नाकाशी नेताच आधी कॉफी आली, तिच्या मागोमाग काळ्या गुळाचा वास आला आणि त्याच्याही मागे शेकोटीत भाजलेल्या हुरड्याचा. हा शेवटचा वास मी कल्पनेने जोडलेला नाही. मुळात दोन्हीकडे भाजलेले धान्यच आहे, हुरड्यात ज्वारी आणि स्टाउटमध्ये जव.

स्टाउटचा काळा रंग कॉफीमुळे येतो असा माझा समज होता, तो भावाने तेथेच दूर केला. कॉफी नसली तरी स्टाउट काळीच असते, कारण तिच्यातले काही जव किंवा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) जवळजवळ कोळसा होईपर्यंत भाजलेले असते. १८१७ साली डॅनियल व्हीलर या इंग्रज माणसाने माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यात माल्ट फिरत्या लोखंडी पिंपात भाजायचे होते, म्हणजे कॉफीच्या बिया जशा भाजतात जवळपास तसेच. हे ऐकल्यावर या बिअरमध्ये कॉफी उपरी का वाटत नाही ते मला कळले. दोघींचा कडवटपणा भट्टीतूनच आलेला आहे, आणि गारठा सुटल्यावर कुठे कॉफी संपते आणि कुठे जव सुरू होतो ते जिभेला सांगता येत नाही. घोट दाट असतो, जवळजवळ सायीसारखा, आणि गिळल्यानंतर घशात मद्याची ऊब राहते. ही ऊब आवडायला मला तीन घोट लागले. तहान भागवण्यासाठी हे पेय निरुपयोगी आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. तिघांत मिळून दोन बाटल्या आम्हाला पुरेशा झाल्या.

सोबत काय खावे यावरून मात्र मतभेद झाले. काकांनी कौतुकाने सावजी मटण मागवले होते, पण त्या तिखटाने तोंड पोळलेले असताना साडेनऊ टक्क्यांची बिअर म्हणजे आगीत तेल. सावजीतल्या काळ्या मसाल्याला स्टाउटचा भाजका स्वाद साजेल हा माझा तर्क तेथेच कोसळला. खरी जोडी अगदी अनपेक्षितपणे जमली. वर्ध्याला न्यायला म्हणून मावशीने संत्रा बर्फीचा डबा काढून ठेवला होता, त्यातली एक वडी मी सहज तोंडात टाकली आणि वर घोट घेतला. बर्फीचा गोडवा कडवटपणात विरला, संत्र्याच्या सालीचा उग्र वास मात्र एकाएकी पुढे आला आणि बिअरमध्ये इतका वेळ न जाणवलेली चॉकलेटची चव उमटली. मावशीलाही तसेच करून पाहायला लावले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग बर्फीचा डबा तिने माझ्या पिशवीजवळून उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला.

तीन बाटल्या उरल्या. कॉफी घातलेली बिअर फार काळ ठेवली तर कॉफीचा सुगंध उतरतो आणि कधी कधी ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येऊ लागतो, त्यामुळे त्या उन्हाळ्याआधीच संपवाव्यात असे भावाने काकांना बजावले. माझ्या वाट्याची एक मला नेता येणे शक्यच नव्हते. मावशीने ती स्वयंपाकघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून माझे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी वर्ध्याला परतलो, तेव्हा पिशवीत बर्फीच्या फक्त चार वड्या होत्या.